राखेत पहिला पाय

"राब भाजून झाला का मी टोकावड्याला जाते. मंग बोलवायला येव नका," असं बायको म्हणाली तेव्हा मी चहात बटर बुडवून खात होतो. टोकावडं हे तिचं माहेर, मुरबाडवरून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. मी बटर संपवलं, कपाच्या तळाशी राहिलेला चुराही बोटाने काढून खाल्ला आणि कप मोरीत नेऊन ठेवला. बायको घर सोडायचं म्हणते आणि नवऱ्याला चुरा सोडवत नाही, असा माणूस मी झालो होतो. वाईट वाटायला पाहिजे हे कळत होतं. वाटत मात्र नव्हतं.

तिचं म्हणणं असं होतं की वाशिंदला, जिथे मी कंपनीत कामाला जातो, तिथे माझी कोणीतरी आहे. दीड-दोन वर्षं मी तिच्या अंगाला हात लावला नव्हता. एकाच घरात राहून दोन वर्षं पाठ फिरवून झोपणाऱ्या नवऱ्याबद्दल बायकोने आणखी काय समजायचं? मी नाही म्हणायचो, पण नुसतं नाही म्हणून भागत नाही, त्याच्यापुढे कारण द्यावं लागतं. कारण एका वाक्याचं होतं. माझ्याने होत नव्हतं. हे वाक्य माझ्या तोंडातून निघेना. त्यापेक्षा बाईचा आळ परवडला, असं माझं मनातलं गणित होतं. बाई ठेवणारा माणूस वाईट असेल, पण पुरुष तर असतो.

आधी काय झालं आणि त्यातून काय झालं, हे मला अजून नीट लावता येत नाही. मी फिटर होतो. चालू मोटरवर तळहात ठेवून बेअरिंग तापलंय का नाही ते सांगायचो, आणि साहेब लोक माझं ऐकायचे. मग आमचं खातं बंद झालं. कामावरून काढलं नाही, मला गेटवर बसवलं. येणाऱ्या गाड्यांचे नंबर बघायचे आणि दोरी ओढून बांबू वर करायचा. पगार तेवढाच होता, त्यामुळे तक्रार करायलाही तोंड नव्हतं. त्याच सुमारास कंपनीतल्या तपासणीत मला साखर निघाली. मला, म्हणजे जो माणूस सणाला पुरणपोळीसुद्धा एकच खातो त्याला. गोळ्या दिल्या, त्या मी घ्यायला लागलो.

आणि त्यानंतर एकदा जमलं नाही. ती म्हणाली, दमलात. पुढच्या वेळी मीच म्हणालो, दमलोय. त्यानंतर मी दमायच्या आधीच घाबरायला लागलो. तिने नुसता दिवा मालवला तरी माझ्या छातीत धडधड व्हायची, आणि घाबरलेल्या माणसाचं काय होणार? पुढे पुढे ती भीतीही गेली, इच्छाही गेली. बरं झालं, सुटलो, असंच वाटलं मला.

कँटीनमध्ये माझ्या शेजारी जेवायला बसणारा एकजण होता. त्याला सगळ्यातलं सगळं कळायचं. साखरेची गोळी माणसाला आतून गार करते, असं तो एकदा भाजीत पाव बुडवता बुडवता म्हणाला. मी त्याला विचारलंही नव्हतं, तो दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत होता. पण चोराच्या मनात चांदणं. त्या दिवशी घरी जाताना मी गोळ्यांची पाकिटं भातसा नदीत टाकून दिली. साखर गेली खड्ड्यात, पुरुषपण परत येईल म्हटलं. दोन्हींतलं काहीच झालं नाही.

मग मी कारणं शोधायला लागलो. कंपनीत तिसरी, म्हणजे रात्रीची पाळी मागून घेतली. लोक तिसरी पाळी टाळायला साहेबाच्या पाया पडतात, मी ती मिळावी म्हणून पडलो. भातकापणीनंतर पीक राखायला खळ्यावर झोपायची आमच्याकडे पद्धत आहे. गावातल्या सगळ्यांचं भात झोडून घरात आलं, तरी मी सुट्टीच्या रात्री खळ्यावरच झोपत होतो. राखायला काय, तर पेंढा. गावात माझं कौतुक झालं. बघा किती काळजी शेताची, म्हणाले. आईही दोन-चार जणांत अभिमानाने सांगून आली. बायको सगळं ऐकायची.

आमच्या घरात भगताकडे जात नाहीत. आजोबांनी बाबासाहेबांच्या मागोमाग दीक्षा घेतली, तेव्हापासून अंगारा-धुपारा, उतारा, सगळं बंद. याचा मला तोवर अभिमानच होता, पण अशा वेळी माणूस पळवाट शोधतो. तंबूतला वैदू काही भगत नव्हे, तो औषध देतो, असं मी स्वतःला समजावलं आणि सरळगावच्या पुढे रस्त्याकडेला एक तंबू लागतो तिथे गेलो. आत आम्ही तिघं गिऱ्हाइकं होतो आणि तिघांच्याही डोक्यावर हेल्मेट. एरवी या रस्त्यावर पोलीस दिसल्याशिवाय हेल्मेट कोणी घालत नाही. आम्ही तिघांनी एकमेकांच्या पायांकडे बघत वाट पाहिली. वैदूने नाडी धरली, डोळे मिटले आणि हिंदीत म्हणाला, लहानपणीच्या चुका आता बाहेर येतायत. मग तेलाची बाटली आणि दुधातून घ्यायच्या चूर्णाची पुडी दिली. बाटली आणि पुडी मी स्कूटरच्या डिकीत फडक्याखाली ठेवली.

ते दोन्ही बायकोला मिळालं. चूर्ण कसलं हे तिला वासावरून कळलं नाही, पण बाटलीवर पैलवानाचं चित्र होतं, त्यावरून सगळं कळलं. ती ओरडली नाही. दोन्ही वस्तू माझ्यासमोर ओट्यावर ठेवून एवढंच म्हणाली, "घरात तर कायच नाय. मंग ही ताकद कुनासाठी?" तिचा हिशोब अगदी बरोबर होता. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. खरं सांगायची तेव्हा वेळ होती, आणि मी पुडीकडे बघत राहिलो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काही नव्हतंच, तरी ती उघडत नव्हती.

त्यानंतरच ते टोकावड्याचं निघालं. मुलगी कल्याणला होस्टेलवर शिकायला होती, तिला यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं. बायकोने बॅग भरून पलंगाखाली सरकवून ठेवली. राब भाजण्याइतकं काम मात्र ती टाकून जाणार नव्हती. भांडण नवऱ्याशी होतं, भाताशी नव्हतं.

राब म्हणजे भाताची रोपं करायची तो शेताचा तुकडा. उन्हाळ्यात त्याच्यावर शेण, वाळक्या पानांचा पातेरा, टहाळ्या पसरतात, वर बारीक मातीचा थर देतात आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात. सावकाश, धुमसत भाजायला हवं. भाजलेल्या जागेत तण कमी येतं, रोप जोमाने येतं. आमच्या घरात राबात चप्पल घालून जात नाहीत. दुसऱ्या दिवशी घरातल्या कर्त्या पुरुषाने आधी अनवाणी पाय टाकायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि थंड आहे म्हणून सांगायचं. मग बाकीच्यांनी आत येऊन अर्धवट जळलेलं गोळा करायचं, राख सारखी करायची. मातीखाली शेण रात्रभर धुमसतं आणि वरून काही कळत नाही. पायाला कळतं. आजोबांनंतर हे वडील करायचे, वडील गेल्यावर मी.

राब भाजल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर आम्ही तिघंच होतो, आई, बायको आणि मी. बायको माझ्याशी बोलत नव्हती, आई दोघींच्या वाटणीचं बोलत होती. मी चप्पल काढली, म्हणजे एक काढली, दुसरी वाटेत कुठेतरी आधीच निसटली होती. अलीकडे असं व्हायचं. मुरबाडच्या स्टँडवर एकदा एका बाईने हाक मारून सांगितलं होतं, दादा, चप्पल राहिली तुमची. मी हसण्यावारी नेलं होतं.

राखेत पाय टाकला. चाललो. मऊ होतं, कापसावर चालल्यासारखं, पण मला तेव्हा सगळीच जमीन कापसासारखी लागायची. मधोमध जाऊन उभा राहिलो आणि वडिलांच्या आवाजात म्हणालो, "थंड हाय, या."

बायको आली. हातात खराटा होता. बांधावरून उतरून दोन-तीन पावलं टाकली असतील, आणि किंचाळली. खराटा टाकला, एका पायावर उडी मारली, तर दुसराही तिथेच पडला. आईने तिला ओढून बाहेर घेतलं, पाण्याची कळशी तिच्या पायांवर ओतली. तळवे लालभडक झाले होते. आई मला शिव्या द्यायला लागली, "डोळं फुटलं का रं तुझं? थंड म्हनलास ना?" मी म्हणालो, "थंडच हाय." आणि मी तिथेच उभा होतो.

आधी बायकोच्या लक्षात आलं. ती आपले पाय धरून बसली होती, तिने मान वर केली आणि माझ्या पायांकडे बघितलं. मग ओरडली, स्वतःसाठी ओरडली होती त्यापेक्षा मोठ्याने, "अवो, निगा तितनं! निगा बाहेर! जळतायत पाय तुमचं!"

मी बाहेर आलो आणि बांधावर बसून पाय उलटा करून बघितला. तळव्याला केवढाले फोड आले होते. एक फुटून कातडं लोंबत होतं आणि त्याला राख चिकटली होती. मी बोटाने दाबून पाहिलं. दुसऱ्याचाच पाय मांडीवर घेतल्यासारखा वाटला. आई शिव्या द्यायची थांबली.

"लागत नाय तुमाला?" बायकोने विचारलं.

"नाय."

"कवापासून?"

मी कातड्याला चिकटलेली राख झटकायला लागलो.

शेजारच्या रिक्षातून आम्ही शहापूरला गेलो, दोघंही, पाय ओल्या फडक्यात गुंडाळून. दवाखान्यात डॉक्टर बाई होत्या. बायकोच्या पायांना मलम लागलं, बारा-पंधरा दिवसांत बरं होईल म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. रक्त घेतलं. साखरेचा आकडा बघून त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आकडा लिहून ठेवला. मला डोळे मिटायला सांगितले. "टोचलं की हो म्हणा." मी वाट बघत बसलो. खोलीत पंखा आवाज करत होता. बराच वेळ झाला म्हणून मी म्हणालो, "मॅडम, टोचा की." त्या म्हणाल्या, "केव्हाची टोचतेय." डोळे उघडले तर बायको पदर तोंडाला लावून रडत होती.

त्यांनी विचारलं, आणखी काही त्रास? मी नाही म्हणालो. बाई डॉक्टर आहेत, पुढचं विचारणार नाहीत, सुटलो, असं मला वाटलं. पण त्यांनी भूक लागते का विचारावं तसंच विचारलं, "पत्नीशी संबंध ठेवायला जमतं का?" मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या चित्राकडे बघितलं. तिथे एक बाळ हसत होतं. बायकोने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघायला लागली. ती कारणाची वाट बघत होती, दोन वर्षं बघत होती.

"नाय जमत," मी म्हणालो. "माझ्यानं व्हत नाय."

बस, एवढंच होतं. छत कोसळलं नाही. डॉक्टर बाईंनी मान हलवली आणि ते वहीत लिहिलं, साखरेच्या आकड्याखाली. सकाळी उठताना तरी काही जाणवतं का, विचारलं. कधीमधी, पूर्वी, आता नाही. झोप? नाही. कशात मन लागतं? नाही. रडू येतं? "रडू बिडू नाय येत," मी जरा ऐटीतच म्हणालो. त्यांनी विचारलं, "शेवटचं कधी आलं होतं?" मी आठवायला लागलो. वडील गेले तेव्हा आलं होतं. खातं बंद झालं तेव्हा आलं नव्हतं. नंतर, बायकोने बॅग भरली तेव्हाही नाही.

गोळ्या नदीत टाकल्याचंही मी सांगून टाकलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, आम्हाला दोघांना. साखर वाढली की बारीक नसा मरतात आणि बारीक रक्तवाहिन्या आखडतात. पायाच्या लांब नसा आधी जातात. आणि पुरुषाला तिथे ताठपणा येतो तो याच नसांच्या आणि रक्ताच्या जोरावर येतो. त्यात मन खचलेलं असलं की इच्छाच मरते, आणि एकदा फजिती झाली की पुढच्या वेळी भीतीच काम बिघडवते. गोळ्यांनी पुरुषपण गेलं नव्हतं, गोळ्या टाकल्याने आणखी जात होतं. त्यासाठीही औषध असतं, पण आधी हृदय तपासायचं, साखर खाली आणायची, मनासाठी कल्याणला एका डॉक्टरांना भेटायचं. "काही परत येईल, सगळं येईलच असं नाही," त्या म्हणाल्या. "आणि रोज कोणीतरी यांचे तळवे बघत जा. यांना जखम झालेली कळणार नाही." कोणीतरी म्हणताना त्या बायकोकडे बघत होत्या.

परत येताना रिक्षात ती बाहेर बघत होती. किन्हवलीच्या अलीकडे एकदम म्हणाली, "ती पुडी?"

"तुज्यासाठीच व्हती."

तिने माझ्या दंडावर एक गुद्दा मारला. चांगला जोरात. तो लागला.

"बाई हाय म्हनून समजत व्हते मी," ती म्हणाली. "रोज तिचं तोंड कसं असंल ते बघायची मनात. माज्यापेक्षा गोरीच असंल म्हनायची. आनि तुमी? तुमी पेंढा राखत व्हता!" मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. रिक्षावाला आरशातून बघत होता. मला त्या वेळी काय वाटलं ते मी खरंच सांगू शकत नाही. काहीतरी वाटायच्या जागेवर येऊन थांबल्यासारखं झालं, इतकंच.

त्यानंतर काही दिवस आम्ही दोघं ओटीवर पाय लांब करून बसून असायचो आणि आई दोघांना ताट आणून द्यायची. येणारे-जाणारे थट्टा करायचे, जोडीनं पाय भाजून घ्यायची कुठली नवी रीत काढली म्हणायचे. आई त्यांना सांगायची, राब गरम होता. त्यापलीकडे काही नाही. तिला किती कळलं होतं हे मी कधी विचारलं नाही. बॅग पलंगाखालीच होती. बायकोचे पाय बरे होत आले तशी माझी नजर तिकडे जायची.

संध्याकाळी ती माझे तळवे बघायला लागली. पाय मांडीवर घ्यायची, दिव्याकडे फिरवायची, बोटांच्या बेचक्यांतून हात घालून बघायची. पहिल्या दिवशी मी पाय ओढून घेतला. बायकोने पायाला हात लावायचा, तोही असा, मेलेला. तिने तो परत खेचला. मग एकदा ती विचारायला लागली, हितं कळतं? नाय. हितं? नाय. टाच, घोटा, त्याच्या वर. ती बोट सरकवत होती आणि मी नाही नाही म्हणत होतो. पोटरीच्या मध्यावर आली तेव्हा मी म्हणालो, "हं."

"हितं?"

"हं. हितं कळतंय."

तिने हात तिथेच ठेवला. कितीतरी दिवसांनी तिचा हात मला लागत होता आणि मी घाबरलो नव्हतो, कारण आता लपवायला काही उरलं नव्हतं. मी रडलो असतो तर बरं झालं असतं. रडू आलं नाही. तिला ते सांगितलं. ती म्हणाली, "येईल तवा येईल. घाई काय हाय?" पाय बरे झाल्यावर ती टोकावड्याला गेली, आठवडाभर राहिली आणि आली. बॅग धुऊन वाळत घातलेली बघितली तेव्हा मला कळलं, ती राहिली.

आता साखर आटोक्यात आहे. कल्याणच्या डॉक्टरांची गोळी चालू आहे, त्यांच्याशी बोलायलाही जातो, निम्मा वेळ गप्प बसतो. झोप येते. आमच्या दोघांचं म्हणाल तर कधी जमतं, कधी नाही. जमलं नाही तर ती कूस बदलून सरळ घोरायला लागते, पूर्वी मी ज्याला भीत होतो ते एवढंच निघालं. पायांचं मात्र परत येणार नाही, हे डॉक्टर बाईंनी स्पष्ट सांगितलंय. मी घरातही चप्पल घालतो. शेतात बूट.

यंदा राब भाजला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं बांधावर गेलो. सवयीने माझा हात बुटाच्या नाडीकडे गेला. बायकोने त्यावर चापट मारली. "तुमी हितंच ऱ्हावा." मी आईकडे बघितलं. आमच्या घरात बाईने राखेत पहिला पाय कधी टाकला नव्हता. आईने फक्त पाण्याची कळशी जवळ ओढून ठेवली.

बायकोने चप्पल काढली. तिच्या एका तळव्यावर अजून गुळगुळीत खूण आहे. तिने आधी अंगठा टेकवला, मग टाच, मग हळूहळू आत गेली. मधोमध जाऊन थांबली, पाय झटकला आणि परत फिरली. "धग हाय अजून," म्हणाली.

म्हणून आम्ही बांधावर बसून राहिलो. आई कोणाच्या तरी लग्नाचं सांगत होती. वाऱ्यावर थोडी राख उडत होती. जरा वेळाने मी सहज खाली बघितलं, तर बायकोचा राखेने माखलेला पाय माझ्या बुटावर टेकलेला होता. कधीपासून होता कोणास ठाऊक, मला लागलाच नव्हता. मी पाय हलवला नाही. नजर काढली तर तो तिथे आहे हे मला कळणार नव्हतं, म्हणून बघतच राहिलो.